विषय एक, पुरावे अनेक : विद्यापीठीय स्वाध्यायांचे लेखन

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास पुष्कळदा एक विचित्र अनुभव येतो. इतिहासाच्या प्राध्यापकांनी वाखाणलेल्या पद्धतीने तो जीवशास्त्राचा स्वाध्याय लिहितो, आणि तो पाल्हाळिक ठरतो. अर्थशास्त्राच्या धर्तीवर तो साहित्याचा निबंध लिहितो, आणि ‘कलाकृतीविषयी काहीच नाही’ असा शेरा त्याच्या पदरी पडतो. आपली भाषाच कच्ची आहे, असा मग त्याचा ग्रह होतो. कित्येक विद्यार्थी ह्या समजुतीने लेखनाचा धसका घेतात व तयार उत्तरांच्या पुस्तकांचा आश्रय करतात. वस्तुतः दोष बहुधा भाषेचा नसतो. प्रत्येक शास्त्राची पुरावा मानण्याची रीत निराळी असते व लेखनाचा आकार त्या रीतीतून घडत असतो, ही गोष्ट त्यास कोणी उकलून सांगितलेली नसते. तीच गोष्ट येथे एका उदाहरणाच्या साहाय्याने पाहावयाची आहे.

उदाहरण आहे मुंबईतील प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी हा रोग ओळखला. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग होता. त्या वखारींत व भोवतालच्या घरांत उंदीर मरून पडत होते. ह्या मेलेल्या उंदराचे चार विद्याशाखांत काय होते, ते क्रमाने पाहू.

१. जीवशास्त्र : उंदीर हा प्रयोगाचा विषय

जीवशास्त्राचा विद्यार्थी विचारतो : रोग पसरतो कसा? प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन ह्यांनी शोधला होता. परंतु तो उंदरापासून माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे अज्ञात होते. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला रोगी उंदीर त्यांनी एका मोठ्या काचपात्रात ठेवला व निरोगी उंदीर त्याच पात्रात जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. दोघांचा परस्परांस स्पर्श होणे शक्य नव्हते; तरीही निरोगी उंदीर प्लेगने मेला. पुढे पिसवा नसलेला रोगी उंदीर घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा निरोगी उंदीर निरोगीच राहिला. रोगाचे वाहन पिसू होय, असे अनुमान त्यावरून निघाले. ते प्रथम अनेकांस पटले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या विस्तृत संशोधनाने मात्र त्यास दुजोरा मिळाला.

जीवशास्त्राच्या अहवालाचे चार भाग का असतात, हे ह्या प्रयोगावरून ध्यानात येते. साहित्य व पद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष आणि चर्चा ही वाटणी केवळ रूढी म्हणून आलेली नाही. ज्यास शंका आहे त्याने तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा, एवढ्यासाठी पद्धती स्वतंत्रपणे लिहावयाची असते. जे डोळ्यांनी दिसले ते निरीक्षणांत व त्याचा लावलेला अर्थ चर्चेत ठेवावयाचा असतो. ‘निरोगी उंदीर मेला’ हे निरीक्षण. ‘पिसवेने रोग नेला’ हे अनुमान. दोहोंची सरमिसळ झाली, की वाचकास लेखकाचे अनुमान तपासता येत नाही. अलंकारिक भाषा ह्या लेखनात खटकते, त्याचे कारणही हेच होय. ‘बिचारा उंदीर तडफडून गेला’ ह्या वाक्यातून पुन्हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यास काहीच हाती लागत नाही.

२. इतिहास : उंदीर हा कागदपत्रांतील उल्लेख

इतिहासकाराला १८९६ साल पुन्हा घडविता येत नाही. त्याचा पुरावा म्हणजे मागे राहिलेले कागद : सरकारी अहवाल, वृत्तपत्रे, पत्रे, आत्मचरित्रे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला व त्याने सरकारास व्यापक अधिकार दिले. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. त्यामुळे प्रक्षोभ माजला, आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड ह्यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. रँड ३ जुलै रोजी मरण पावले.

ही झाली हकीकत. स्वाध्यायात एवढीच लिहिली, तर ‘केवळ वर्णनात्मक’ असा शेरा येणे स्वाभाविक आहे. झडत्यांविषयी समितीचा अहवाल एक सांगतो व ‘केसरी’ दुसरे सांगतो. खरे कोण, असा सरळ सवाल इतिहासकार करीत नाही. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि लिहिणाऱ्यास काय ठाऊक असणे शक्य होते, हे तो प्रथम विचारतो. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास आपल्या कारभाराचे समर्थन करावयाचे होते, तर वृत्तपत्रास लोकांची तक्रार मांडावयाची होती. दोन्ही साधने सदोष असूनही उपयुक्त असतात, कारण ज्या बाबतीत परस्परविरोधी साधनांचे एकमत होते ती बाब बरीच भरवशाची ठरते. म्हणून इतिहासाच्या निबंधात प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे साधनाचा निर्देश असतो. प्रयोगशास्त्रात पद्धतीचे जे स्थान, ते इतिहासात ह्या निर्देशाचे होय.

३. अर्थशास्त्र : उंदीर दिसत नाही, आकडे दिसतात

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. घट ४५,७५८ म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. उतावळा विद्यार्थी लिहून मोकळा होतो : ‘प्लेगने मुंबईत ४५,७५८ माणसे मेली.’ हे विधान सर्वथा चूक आहे. साथीच्या भयाने लक्षावधी लोक शहर सोडून गेले व त्यांतील पुष्कळ परतले. दहा वर्षांत जन्म झाले, इतर रोगांनी मृत्यू झाले. शिवाय १८९६–९७ आणि १८९९–१९०० ह्या दुष्काळांत खेड्यांतून शहरांकडे स्थलांतर झाले. दोन जनगणनांतील फरक हा ह्या सर्व घडामोडींची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला आकडा आहे.

ह्यास्तव अर्थशास्त्राच्या लेखनात आकडा देऊन काम संपत नाही. तो आकडा कशाचे मोजमाप आहे व कशाचे नाही, हे सांगावे लागते. कोणत्या गोष्टी स्थिर मानल्या, तेही उघड करावे लागते. कोष्टक मांडले, तर त्यातून काय वाचावयाचे ते खालच्या वाक्यात आले पाहिजे. ‘गिरण्यांतील मजूर निघून गेल्यामुळे मजुरी वाढली असावी’ हे अनुमान मांडताना मजुरीचे आकडे तर हवेतच, पण मजुरी वाढण्याची दुसरी कारणेही विचारात घ्यावयास हवीत.

४. साहित्य : उंदीर हे कथेतील चिन्ह

यू. आर. अनंतमूर्ती ह्यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘संस्कार’ ह्या कन्नड कादंबरीतही उंदीर मरतात. आचारधर्म धुडकावणारा नारणप्पा शिवमोग्याहून ताप व गाठ घेऊन येतो आणि मरतो. त्याचा अंत्यविधी कोणी करावा, ह्या प्रश्नाने अग्रहारातील ब्राह्मण व त्यांचे विद्वान मार्गदर्शक प्राणेशाचार्य पेचात सापडतात. घरोघर उंदीर पडू लागतात, छपरांवर गिधाडे उतरतात. लोक त्यात अपशकुन पाहतात.

येथे ‘प्लेग पिसवांमुळे होतो’ असे लिहिल्याने साहित्याचा निबंध सिद्ध होत नाही. कथानकाचा सारांश दिल्यानेही होत नाही. येथील पुरावा म्हणजे संहिता : कोणता प्रसंग कोठे ठेवला आहे, कोणत्या पात्राला काय कळते व काय कळत नाही, कोणती प्रतिमा पुन्हा येते. गाठीचा उल्लेख वाचकाला आरंभीच मिळतो, परंतु अग्रहारातील लोकांस रोगाचे नाव उशिरा उमगते. ह्या अंतरामुळे धर्मनिर्णयाची कोंडी वाचकाला अधिक भीषण वाटते, असे मत विद्यार्थी मांडू शकेल. हे मत प्रयोगाने सिद्ध होणार नाही. दुसरा वाचक त्यास हरकतही घेईल. परंतु प्रसंगांचा नेमका आधार दिला असेल, तर ती हरकत संहितेच्याच भूमीवर घ्यावी लागेल. साहित्याभ्यासात मताला किंमत येते ती अशा आधारामुळे. नुसते ‘कादंबरी हृदयस्पर्शी आहे’ हे विधान कोणालाच खोडता येत नाही, म्हणून ते निरुपयोगी होय.

५. प्रश्नातील क्रियापद

पुराव्याची जात ओळखल्यावर प्रश्नाचा शेवटचा शब्द पाहावा. ‘वर्णन करा’ म्हणजे काय घडले ते क्रमाने सांगा. ‘स्पष्ट करा’ म्हणजे का व कसे घडले ते सांगा. ‘तुलना करा’ म्हटले असता पहिल्या पानावर एक वस्तू व दुसऱ्या पानावर दुसरी मांडणे पुरेसे नाही. एकेक मुद्दा घेऊन दोहोंस त्याच कसोटीवर घासावे. ‘चर्चा करा’ म्हणजे अनुकूल व प्रतिकूल दोन्ही पक्ष मांडा. ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हणजे आधार किती बळकट आहे त्याचा निर्णय द्या. चुकीचे क्रियापद मनात धरल्यामुळे फुकट गेलेले श्रम हे अज्ञानामुळे फुकट गेलेल्या श्रमांपेक्षा कमी नसतात.

६. लेखनाचा क्रम

कोणत्याही शाखेत उपयोगी पडणारा क्रम असा. प्रथम प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. दुसरे, आपले उत्तर एका वाक्यात मांडावे. ते मांडता येत नसेल, तर वाचन अपुरे आहे असे समजावे. तिसरे, त्या वाक्याला आधार देणारे तीन-चार मुद्दे घ्यावेत व प्रत्येकासमोर त्याचा पुरावा टिपावा. ज्या मुद्द्यासमोरची जागा रिकामी राहील, तो गाळावा. चौथे, कच्चा मसुदा एका बैठकीत लिहावा व प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण काय सांगितले ते ठरल्यावाचून काय सांगणार हे लिहिता येत नाही. पाचवे, मसुदा एक दिवस बाजूस ठेवून मग मोठ्याने वाचावा. जेथे श्वास अडखळतो, तेथे वाक्य तोडावे.

टिपणे काढताना दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत व आपले शब्द चिन्हाविना लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम केले. त्यांत प्रबंधांतील साम्याच्या प्रमाणानुसार पायऱ्या ठरविल्या आहेत : १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे, तर ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. परंतु शिक्षेचे भय हे मुख्य कारण नव्हे. उसना पुरावा कोठून आणला हे सांगितले नाही, तर तो पुरावाच राहत नाही.

७. हे सारे कशासाठी?

गुणांपलीकडे ह्या काटेकोरपणाचे मोल काय, ते प्लेगच्याच इतिहासातून दिसते. वाल्देमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगवरील लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. लस मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा ठपका हाफकिन ह्यांच्यावर येऊन त्यांचे पद गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदपत्रांतच होती. परंतु निष्कर्ष काढताना तिला योग्य वजन मिळाले नाही. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा मांडून दाखविल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

कोणती बाटली कोणास टोचली ही नोंद नेमकी होती, म्हणून दोष एका बाटलीपुरता आहे हे कळले. निरीक्षण व अनुमान ह्यांतील अंतर पाळले गेले नाही, म्हणून एका निरपराध माणसाची पाच वर्षे गेली. आणि ते अंतर पुन्हा तपासले गेले, म्हणून त्यास न्याय मिळाला. विद्यापीठातील छोटासा स्वाध्याय ही ह्याच जबाबदारीची पहिली तालीम होय. विषय कोणताही असो, लेखणी उचलण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत : येथे पुरावा कशास म्हणतात? आणि माझे विधान तपासू इच्छिणाऱ्यास मी वाट मोकळी ठेवली आहे काय? ह्यांची उत्तरे ज्यास देता आली, त्यास कोणत्याही विद्याशाखेची वही परकी वाटणार नाही.