पावती कोरी झाली, पण फोटो होता



मागच्या महिन्यात जऊळक्याला एका गटाची बैठक होती. एका ताईने कर्जाचा हप्ता भरलेला, पण पासबुकात नोंद नाही. तिने पिशवीतून मशीनची पावती काढली, तर कागद कोरा! या पावतीत शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. ऊन लागलं, घामाच्या हातात राहिली की पुसट होते. "फोटो काढला होता वं ताई, पण आता दिसून नाही राह्यला." मोबाईलमध्ये लग्नं, बारसं आणि शुभ सकाळची फुलं. तारीख तिच्या लक्षात होती म्हणून अर्ध्या तासाने पावती सापडली. तोवर बाकीच्या बाया तिच्याकडे कशा पाहत होत्या, ते मी पाहिलं.

पंचसूत्रीत नियमित लेखे आहेत. हे फोटोही लेखेच समजा.

बहुतेकींच्या मोबाईलमध्ये गुगल फोटोज असतं. त्यात 'गटाचे कागद' नावाचा अल्बम करा. पावती, पासबुकाचं पान, ठराव यांचा फोटो काढला की त्याच दिवशी त्यात टाका. फोटो उघडून वर सरकवला की खाली लिहायला जागा मिळते. तिथे 'हप्ता, जून' एवढं लिहिलं तरी पुढे शोधायला सोपं जातं.

इथे एक चूक फार होते. अल्बममध्ये टाकला म्हणजे फोटोची दुसरी प्रत झाली असं नाही, तो एकच असतो. जागा भरली म्हणून तुम्ही तो डिलीट केला की अल्बममधूनही जातो, बॅकअपमधूनही जातो. बॅकअप असलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत घेता येतो. म्हणून आधी फुलं आणि व्हिडिओ काढून टाका. फुकट जागा १५ जीबीच आहे, तीही जीमेल आणि ड्राइव्ह धरून.

आता फोटो नीट करणं. पावतीचा फोटो ओसरीत, सावलीत काढा, मोबाईल सरळ वर धरून. कडा कापायच्या, उजेड वाढवायचा तर 'सेव्ह कॉपी' करा, मूळ फोटो तसाच राहू द्या. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा असेल तर कॉपीमधला खाते क्रमांक आधी झाका. बँकेला पाठवताना मात्र मूळ फोटोच, आणि तोही डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करतं आणि आकडे वाचता येत नाहीत.

हळद, पापड विकायला फोटो काढता तेव्हा उजेड वाढवा, मागची बादली कापून टाका, काही हरकत नाही. रंग मात्र वाढवू नका. फोटोतली हळद पाकिटातल्या हळदीपेक्षा पिवळी दिसली तर गिऱ्हाईक एकदाच येतं.

पुढच्या बैठकीला मोबाईल चार्ज करून आणा, जुन्या पावत्याही आणा. ज्या अजून वाचता येतात, त्यांचे फोटो तिथेच काढू.