बेट, लेणे आणि गुहा

विदर्भातील आपण माणसे समुद्रापासून फार दूर. नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर. आपल्यापैकी बहुतेकांना पाणी माहीत ते अंबाझरीचे, फुटाळ्याचे किंवा वैनगंगेचे, आणि नाव माहीत तो ढिवरांचा डोंगा. त्यामुळे समुद्रातील बेट म्हटले की डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे चित्र उभे राहते: निळे पाणी, माडांची रांग आणि निर्मनुष्य किनारा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतची बेटे मात्र या चित्रासारखी रिकामी नाहीत. त्यांपैकी तीन बेटांचा परिचय करून घेताना ती कशी घडली आणि तेथे कोण राहते, हेही पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लेणे माणूस कोरतो. सागरी गुहा लाटा कोरतात. खडकात जेथे भेग असते तेथे लाट आपटते, भेगेतील हवा दाबली जाते, लाट ओसरताच ती हवा झटक्याने पसरते आणि खडक ढिला होतो. हजारो वर्षे हे चालले की भेगेची गुहा होते. घारापुरीला आपण पाहतो ते लेणे. वेंगुर्ल्याच्या समुद्रात आहे ती गुहा.

घारापुरी

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने सुमारे तासाभरात घारापुरी येते. हे बेट बेसॉल्ट खडकाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून हा काळा पाषाण झाला. आपल्या सीताबर्डीची टेकडीही याच पाषाणाची. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन टोकांना एकच दगड आहे. तेथे त्यावर लेणी कोरली गेली, येथे किल्ला बांधला गेला.

ही लेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकात, कलचुरी राजांच्या काळात झाली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. मुख्य लेण्यातील तीन मुखांच्या भव्य मूर्तीला आपण सवयीने त्रिमूर्ती म्हणतो व ब्रह्मा, विष्णू, महेश अशी फोड करतो. वस्तुतः तिन्ही मुखे शिवाचीच आहेत: मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर, दुसऱ्या बाजूस सौम्य वामदेव. पोर्तुगीजांना बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. तो हत्ती आज मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा यादीत गेली.

परंतु या बेटावर राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्याही आहेत. समुद्राखालून केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली. पलीकडे मुंबई रात्रभर झगमगत होती आणि अलीकडे जगाने गौरविलेल्या बेटावरची मुले कंदिलाच्या किंवा ठरावीक तासांच्या जनरेटरच्या उजेडात अभ्यास करीत होती. लेण्यांची कीर्ती आणि माणसांची सोय या दोन गोष्टी एकाच बोटीने येत नाहीत, एवढे यावरून कळते.

सिंधुदुर्ग

मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच वेळात कुरटे बेटावर जाता येते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी येथे जलदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ साली तो पुरा झाला. पायाचे दगड शिशाच्या रसाने बसविले गेले. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वर मंदिर आहे.

चहूबाजूंनी खारे पाणी असताना येथे दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांत मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. बेटावरील विहिरी सामान्यतः अशाच जगतात. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. म्हणून बेटावर पाणी जपून वापरणे ही केवळ शिस्त नव्हे, ती गरज आहे.

वेंगुर्ल्याचे खडक

वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात काही खडकाळ बेटे आहेत. एकावर दीपगृह आहे, तर एका बेटातील गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हे लहान पक्षी अंधारात टकटक आवाज काढतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. आपल्या लाळेने ते भिंतीला घरटी चिकटवितात. याच घरट्यांना परदेशात सूपासाठी मोठी किंमत येते, म्हणून ती चोरली जात. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचे घरटे खरवडून नेले की त्या वर्षीची पिले संपली. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने या शतकाच्या आरंभी येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. ही गुहा दूरून पाहावी. आत होडी घालण्याचा हट्ट धरू नये.

जाणाऱ्याने काय जाणावे?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व मालवणची प्रवासी होडी बंद राहते; तेव्हा सहल हिवाळ्यात आखावी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जीवरक्षक जाकीट बोटीत असून भागत नाही, ते अंगात असावे लागते. वैनगंगेच्या डोंग्यात बसणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. बुडायला समुद्रच लागतो असे नाही.

बेट लहान असते. तेथे टाकलेला कचरा दृष्टीआड होत नाही, उपसलेले पाणी लगेच भरून येत नाही आणि उडून गेलेला पक्षी परततोच असे नाही. मोठ्या भूमीवर आपल्या चुका पसरून जातात, म्हणून दिसत नाहीत. बेटावर त्या मोजता येतात. बेटाचे सौंदर्य पाहायला जरूर जावे, मात्र ते कोणाचे तरी घर आहे हे जाणून त्याच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवावे.