तंत्रज्ञानाची पत्रकारिता कुठे शिकावी?

प्रश्न : मी बी.एस्सी. झालो आहे. तंत्रज्ञानावर मराठीत लिहायची आवड आहे. प्रशिक्षण कुठे मिळेल?
– एक वाचक, आसेगाव (जि. वाशीम)

उत्तर : तुम्हाला जवळचं ठिकाण अमरावती. तिथल्या भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट हा दुसरा पर्याय. घर सोडणं जमत नसेल, तर टेक्सास विद्यापीठाच्या ‘नाइट सेंटर’ (Knight Center) या पत्रकारिता केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा. त्यांतले बरेच मोफत असतात.

पण प्रवेशाची वाट पाहत थांबू नका. कंपनीचं पत्रक मराठीत उतरवणं म्हणजे पत्रकारिता नव्हे. तंत्रज्ञान माणसाच्या हातात आल्यावर काय होतं, ते शोधणं हे खरं काम. उदाहरणार्थ, शेतकऱ्यानं मोबाइल अ‍ॅपवर आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची ई-पीक पाहणी २०२१पासून राज्यभर सुरू आहे. बांधावर रेंज मिळते का? सोयाबीनचा फोटो चढतो का? नोंद राहिली, तर शेतकऱ्याचं काय अडतं? पाच शेतकऱ्यांना आणि तलाठ्यांना विचारा, शेतात उभं राहून अ‍ॅप स्वतः चालवून पाहा आणि सहाशे शब्दांत लिहा. संपादक प्रमाणपत्राआधी लेखन पाहतात. पहिला लेख याच हंगामात, आसेगावातूनच लिहा.