रात्री नऊची पोस्ट आणि अक्षय्य तृतीयेचा आंबा

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतल्या एका आंबेवाल्याच्या भाच्यानं दुकानाचं इन्स्टाग्राम खातं उघडलं आणि लगोलग इंटरनेटवरून एक तक्ता उतरवून घेतला. कोणत्या वारी, किती वाजता पोस्ट टाकली की जास्त लोक बघतात, याचा. तक्त्यात रात्री साडेआठ-नऊची वेळ उत्तम म्हटली होती. भाचा इमानेइतबारे रोज त्या वेळेला पेट्यांचे फोटो टाकू लागला, खाली भावही लिहू लागला. लाइक भरपूर आले. गाळ्यावरचं गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं.

आज हा मामा इतर गाळेवाल्यांना जे सांगतो, ते या एका हंगामातून आलेलं आहे. त्याची पहिली तक्रार तक्त्याबद्दल आहे, आणि ती रास्त आहे. असे तक्ते मुख्यतः व्हँकूव्हरची हूटसूट, शिकागोची स्प्राउट सोशल अशा कंपन्या काढतात. जगभरातल्या असंख्य खात्यांची ती सरासरी असते. त्यात बँका असतात, विमान कंपन्या असतात, कपड्यांचे ब्रँड असतात. पुढे कुणीतरी अमेरिकी वेळ भारतीय वेळेत बदलून तोच तक्ता फिरवतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ होतात आणि हिवाळ्यात साडेनऊ, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. तिथल्या कचेरीतला माणूस फोन उघडतो त्या घडीला मंडईतला आंबेवाला पेट्या झाकत असतो.

दुसरी गोष्ट भाच्याला उशिरा कळली. इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये पोस्ट काळाच्या क्रमानं दाखवणं सोडलं. सोमवारी टाकलेली पोस्ट एखाद्याला बुधवारी दिसू शकते. साडीच्या दुकानाला त्याचं काही बिघडत नाही. आंब्याचा भाव मात्र आवक बघून रोज हलतो. त्यामुळे झालं असं, की बुधवारी गिऱ्हाईक यायचं, फोन पुढे करायचं आणि सोमवारचा भाव मागायचं. पुणेकर गिऱ्हाइकाच्या हातात लेखी पुरावा देणं, हे मुळातच धाडस! मामानं चार-दोन वेळा तोटा सोसून माल दिला, मग पोस्टवर भाव लिहिणं बंद केलं. आता भाव फक्त व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर असतो. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, आणि रोज बदलणाऱ्या भावाला तेच सोयीचं आहे.

पण खरी चूक तासांची नव्हतीच, दिवसांची होती.

हापूसची कच्ची पेटी अढीत घातली तर पिकायला साधारण आठवडा जातो. अक्षय्य तृतीयेला ताटात आमरस हवा असलेलं घर कच्ची पेटी सणाच्या आठवडाभर आधी घेतं. तयार आंबा हवा असेल तर आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी डझनावारी नेतं. म्हणजे एकाच सणासाठी दोन गिऱ्हाइकं, आणि दोघांची ठरवण्याची वेळ वेगळी. भाच्यानं पेट्यांची मोठी पोस्ट सणाच्या आदल्या रात्री टाकली होती. बघणाऱ्यांना ती आवडली, पण कच्ची पेटी घेऊन आता करायचं काय? शिवाय हा सण इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२४ मध्ये तो १० मे रोजी आला, २०२५ मध्ये ३० एप्रिलला आणि २०२६ मध्ये १९ एप्रिलला. गेल्या वर्षीची तारीख धरून पोस्टचं नियोजन करणारा सपशेल चुकतो. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या या मंडईत भोगीच्या भाज्या, श्रावणातली पत्री, मार्गशीर्षातल्या गुरुवारची फळं हे सगळं पंचांगाच्या चालीनं विकलं जातं. भिंतीवरचं कालनिर्णय इथे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

विक्रेत्याला आणखी एक मोह असतो. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आला की तो ताजा असतो, उजेड कोवळा असतो, फोटो झकास येतो. लगेच सगळ्यांना धाडावासा वाटतो. पहाटे साडेपाचला टिंग वाजलं की गिऱ्हाईक आधी आवाज बंद करतं आणि मग नंबर ब्लॉक करतं. फोटो तेव्हा काढावा, पाठवावा नऊनंतर. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. गाळ्यावर पैसे देता देता ‘नंबर सेव्ह करा’ असं सांगितलं नसेल, तर निरोप कितीही मोक्याच्या वेळी धाडला तरी निम्म्या ठिकाणी तो पोचतच नाही.

इन्स्टाग्राम व्यावसायिक खात्याला आपले अनुयायी कोणत्या तासाला जागे असतात ते दाखवतं. ते जरूर बघावं, पण डोळे उघडे ठेवून. मामाच्या खात्यावर न्यू जर्सी आणि लंडनमधली नातेवाईक मंडळी होती. आलेखातला मध्यरात्रीचा उंचवटा त्यांचा. ती आंब्याच्या आठवणीनं हळहळतात, पण पेटी उचलायला मंडईत येत नाहीत. त्यापेक्षा गल्ल्याजवळच्या वहीत एक रकाना आखून ‘फोटो बघून आलात का, कधी बघितलात’ एवढं विचारलेलं कामाला आलं. त्या वहीतून दिसलं की कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास टाकलेलं स्टेटस माणसं आणतं. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो स्थानक आहे; कचेरीतून निघण्यापूर्वी फोटो दिसला तर माणूस वाटेत उतरू शकतो, गाडी लावायला जागा शोधण्याची कटकट नाही. रविवारी मात्र हीच वेळ पडते सकाळी, न्याहारीच्या आधी. पालेभाजीवाल्याचं गणित आणखी निराळं: त्याला दिवेलागणीनंतर उरलेले वाटे संपवायचे असतात, म्हणून त्यानं ‘आता स्वस्त’ असं नेमकं तेव्हाच सांगावं आणि आसपासच्या पेठांतल्या लोकांनाच सांगावं. कोथरूडचा माणूस तेवढ्यासाठी येणार नाही.

पोस्ट आधीच ठरवून ठेवायची सोय इन्स्टाग्राममध्ये आहे, पंचाहत्तर दिवस पुढची सुद्धा. ती जपून वापरावी. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. अशा दिवशी आपोआप निघालेली ‘पावसाची मजा, भजी आणि कणसं’ छापाची जाहिरात दुकानाचं नाव घालवते. रोज सकाळी बातम्यांवर नजर टाकून रांगेतली पोस्ट थांबवणं हे एका माणसाचं काम ठरवून द्यावं लागतं. मामानं ते भाच्याला दिलंय.

आणि गणपती. विसर्जन मिरवणुकीला सुरुवात मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून होते, भोवतालचे रस्ते बंद असतात. गर्दीत फोनची रेंज जाते, पोस्ट चढतच नाही. त्या दिवशीच्या फळांसाठीची शेवटची सूचना आदल्या दिवशी दुपारपर्यंत गेलेली असावी, म्हणजे लोकांना संध्याकाळ मिळते. पुढची पोस्ट रस्ते उघडल्यावर.