आजीच्या अपुऱ्या गोधड्या

प्रश्न : आजीने ठिगळं जोडून ठेवलेले गोधडीचे चार वरचे थर तसेच पडून आहेत. ते मशीनवर शिवून घ्यावेत का? (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : आधी प्रत्येक थर उजेडासमोर धरून पाहा. सुती कापड विरलं असेल तर हाताचा धावदोराच योग्य; मशीनचे दाट टाके जीर्ण कापडाला भोकांच्या रेषेवर फाडतात, हाताचा सैल टाका ताण वाटून घेतो. हातशिवणीला वेळ आणि मजुरी जास्त लागते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच चारही एकदम देऊ नका. घट्ट कापडाचे मशीनवर जाऊ द्या, विरलेले तेवढे गोधडी शिवणाऱ्या जाणत्या बाईंकडे. अस्तराला धुवून मऊ झालेली सुती साडी उत्तम; नवं कापड आधी भिजवून आटवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडी आखडेल. आजीची जोडणी मात्र उसवू देऊ नका.