मळीपासून रसायने

साखर कारखान्यात साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर जो दाट, काळसर पाक शेष राहतो, त्यास मळी म्हणतात. एक टन उसापासून सुमारे 40 ते 45 किलो मळी मिळते. तीत बरीच साखर असते. परंतु तिचे स्फटिक करणे परवडत नाही.

मळीत पाणी व यीस्ट मिसळून ती आंबविली असता मद्यार्क तयार होतो. एक टन मळीपासून साधारणतः 220 ते 250 लिटर मद्यार्क निघतो. त्याच्या रेणूत कार्बनचे 2 अणू असतात. मद्यार्काचे ऑक्सिडीकरण केल्यास ॲसिटिक आम्ल मिळते. त्याची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून नेल्यास इथिलीन वायू मिळतो व त्यापासून प्लॅस्टिक होते. एरवी खनिज तेलापासून काढली जाणारी ही द्रव्ये अशा रीतीने उसापासूनही मिळतात.

तथापि, दर लिटर मद्यार्कामागे सुमारे 8 ते 15 लिटर सांडपाणी उरते. त्यात पालाश असल्याने योग्य प्रक्रियेनंतर त्याचा खतासाठी उपयोग होतो. मात्र ते तसेच ओढ्यात सोडल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात व काठच्या विहिरी बिघडतात. ओढ्याचे पाणी तपकिरी होऊन त्यास दुर्गंधी येऊ लागल्यास गावातील कार्यकर्त्यांनी ते जनावरांना पाजू देऊ नये व प्रदूषण नियंत्रण मंडळास त्वरित कळवावे.