चाचणीपट्टीवरील सुवर्णरेषा

वैद्यबंधूंनो, गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेषा बहुधा सुवर्णाचीच असते. सुमारे 20 ते 40 नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकत्र आंदोलन पावतात. हिरवा प्रकाश शोषला जाऊन कण लाल दिसतात. आकार बदलला की शोषणही बदलते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने त्रिकोणी सुवर्णकण सिद्ध केले (2004). ते अवरक्त प्रकाश शोषतात.

पट्टीतील कणांवर एचसीजी ओळखणारी प्रतिपिंडे असतात. मूत्रात एचसीजी असल्यास कण चाचणीरेषेवर अडकतात व रेषा दिसते. नियंत्रणरेषा न उमटल्यास चाचणी निरर्थक समजावी. छापील वेळेनंतर उमटलेली फिकट रेषा ग्राह्य धरू नये.

सुलतानपूर येथील माझ्या चिकित्सालयात पाळी चुकलेल्या स्त्रीस विरेचन देण्यापूर्वी ही चाचणी करतो; शंका उरल्यास शोधन थांबवून काही दिवसांनी पुन्हा तपासतो. औषधविक्रेत्यांनी पट्ट्या ऊन व ओलाव्यापासून जपाव्यात.

हे कण म्हणजे सुवर्णभस्म नव्हे. एकाच्या गुणावरून दुसऱ्याचा गुण सिद्ध होत नाही, हे रुग्णांनाही सांगावे.